वाटीत मावते ती भाजी किती?

मंडईत भाजी किलोने मिळते आणि पाककृतीत ती वाटीने लागते. या दोहोंच्या मधला हिशेब घरोघरी मनातल्या मनात चालतो. पाव किलो फरसबी चिरली तर किती वाट्या होईल, 'चार वाट्या दुधीचा कीस' हवा असेल तर केवढा दुधी उचलावा, 'तीन वाट्या चिरलेला कोबी' म्हणजे अख्खा गड्डा की अर्धा? अशा वेळी एखादं तयार कोष्टक हाती असावं असं कुणालाही वाटेल: डावीकडे वाटी, उजवीकडे ग्रॅम. पाण्याचं आणि दुधाचं असं कोष्टक करता येतं, कारण दीडशे मिलिलिटरच्या वाटीत काठोकाठ भरलेलं पाणी कुणीही भरलं तरी दीडशे ग्रॅमच भरतं. भाजीच्या बाबतीत मात्र 'एक वाटी गाजर म्हणजे इतके ग्रॅम' हे वाक्यच अपुरं आहे. गाजर कसं चिरलं, वाटी कशी भरली, हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ येत नाही. म्हणूनच पाककृतीत भाजीचं प्रमाण वजनात द्यावं, आणि वाटी सोबतीला ठेवावी, असं या प्रकरणात मांडायचं आहे.

पुरावा म्हणून अमेरिकेच्या कृषी खात्याची आहारविषयक कोष्टकं पाहण्यासारखी आहेत. तिथल्या स्वयंपाकघरात 'कप' हे माप रुळलेलं असल्यामुळे त्या खात्याने भाज्यांची कपागणिक वजनं नोंदवून ठेवली आहेत. हा कप साधारण २३७ मिलिलिटरचा. त्या कपात चिरलेला कांदा १६० ग्रॅम भरतो, पण उभ्या पातळ कापांचा कांदा ११५ ग्रॅमच. ढोबळी मिरची बारीक चिरली तर १४९ ग्रॅम, लांब कापली तर ९२. चिरलेलं गाजर १२८ ग्रॅम, किसलेलं ११०. चिरलेला कोबी ८९ ग्रॅम आणि लांब बारीक कापलेला ७०. भाजी तीच, कप तोच, आणि ढोबळी मिरचीच्या दोन आकड्यांत दीडपटीहून जास्त अंतर. गाजराचा आकडा तर अपेक्षेच्या उलट आहे. 'बारीक केलं की जास्त मावतं' हे आपण धरूनच चालतो. इथे जास्त बारीक असलेला कीसच हलका भरला आहे.

ही उलटापालट समजून घ्यायची तर वाटीत भाजीखेरीज दुसरं काय असतं ते पाहावं लागतं. ते म्हणजे हवा. गाजर पाण्यापेक्षा किंचित जड असतं, त्यामुळे २३७ मिलिलिटरची जागा गाजराने पूर्ण भरली असती तर कपाचं वजन २४० ग्रॅमच्या पुढे गेलं असतं. प्रत्यक्षात ते १२८ ग्रॅम आहे. म्हणजे चिरलेल्या गाजराच्या कपात जवळपास निम्मी जागा फोडींमधल्या पोकळ्यांची. ही पोकळी फोडींच्या लहानमोठेपणापेक्षा त्यांच्या आकारावर जास्त ठरते. एकाच आकाराचे तुकडे प्रमाणात लहान केले, तर त्यांच्यामधल्या फटीही त्याच प्रमाणात लहान होतात, पण फटींची संख्या वाढते आणि एकूण हिशेब तिथेच राहतो. भांडं तुकड्यांच्या मानाने मोठं असलं की हा नियम बराचसा खरा ठरतो. वाटी लहान आणि फोडी मोठ्या असतील तर कडेला आणखी जागा वाया जाते. लांब, वळणदार, एकमेकांत अडकणारे तुकडे मात्र नीट बसत नाहीत. कांद्याचे उभे काप एकमेकांना टेकू देत उभे राहतात, गाजराचा कीस कापसासारखा फुगून बसतो. तोच कीस हाताने दाबला की एका क्षणात बराच खाली बसतो. म्हणजे इथे कापाच्या जोडीला भरणाऱ्याचा हातही मापात शिरला.

मटार या नियमाचा उत्तम नमुना आहे, कारण त्याला चिरावं लागत नाही आणि त्याचा आकार जवळपास गोल असतो. गोळ्या भांड्यात नुसत्या ओतल्या तर साधारण साठ टक्के जागा व्यापतात आणि हलवून बसवल्या तर चौसष्टच्या आसपास पोचतात, हे पदार्थविज्ञानातलं नेहमीचं निरीक्षण आहे. कोष्टकात कपभर मटार १४५ ग्रॅम दिले आहेत. दाण्याची घनता पाण्याहून जराशी जास्त धरून हिशेब केला तर व्यापलेली जागा साठ टक्क्यांच्या जवळच येते. स्वयंपाकघरातला आकडा आणि प्रयोगशाळेतला आकडा असे एकमेकांना भेटतात तेव्हा कोष्टकावरचा विश्वास वाढतो. वाटाण्यांमधल्या या फटींचं कुतूहल जुनं आहे. इंग्लंडमधले धर्मोपदेशक आणि शास्त्रज्ञ स्टीफन हेल्स यांनी १७२७ साली प्रसिद्ध केलेल्या वनस्पतींवरच्या ग्रंथात भांड्यात वाटाणे भरून, वर भलंमोठं वजन ठेवून ते पाण्याने फुगवण्याचा प्रयोग नोंदवला आहे. वर सरकायला वाव नसल्यामुळे फुगणाऱ्या दाण्यांनी मधल्या सगळ्या फटी भरून काढल्या आणि एकमेकांच्या दाबाने त्यांना सपाट बाजू आल्या. बारा बाजूंचे बऱ्यापैकी सुबक ठोकळे झाले असं त्यांनी लिहिलं. फटी उरल्या नाहीत तर माप आणि वजन यांचा मेळ बसतो, पण त्यासाठी भाजीचं रूपच बदलावं लागतं.

फोडींच्या मधल्या हवेखेरीज आणखी एक हवा आहे, ती भाजीच्या पोटातली. वांग्याच्या चौकोनी फोडी कपभर घेतल्या तर ८२ ग्रॅम भरतात, बटाट्याच्या तशाच फोडी १५० ग्रॅम. चिरण्याची पद्धत एकच असूनही जवळपास दुप्पट फरक पडतो, कारण वांग्याचा गर स्पंजासारखा सच्छिद्र असतो. वांगं पाण्यात तरंगतं, बटाटा तळाला जातो. तळताना वांगं तेल पितं त्याचंही मूळ याच पोकळ्यांत आहे. टोमॅटोचं याच्या उलट. चिरला की त्याचा रस फोडींमधल्या फटी भरत जातो, म्हणून चिरलेला टोमॅटो कपात १८० ग्रॅम भरतो आणि या सगळ्या भाज्यांत जड ठरतो. पालेभाजीत दोन्ही हवा एकत्र येतात. पानाच्या आत हवेच्या पोकळ्या, आणि पानं एकमेकांवर पडली की मध्ये मोठाले खळगे. कच्च्या पालकाचा कप अवघा ३० ग्रॅमचा, तर शिजवून निथळलेल्या पालकाचा १८०. एकाच भाजीचा एकच कप शिजण्याच्या आधी आणि नंतर सहापट वेगळा. 'दोन वाट्या पालक' एवढंच लिहिणाऱ्याने या सहापटीतलं कुठलं टोक अभिप्रेत आहे ते सांगितलेलं नसतं.

मग आपल्याकडे मापाने मोजण्याची एवढी जुनी परंपरा कशी टिकली, असं कुणी विचारेल. उत्तर सोपं आहे: ती परंपरा धान्याची होती. चिपटं, मापटं, शेर, पायली, मण, खंडी ही सगळी मापं ज्वारी, बाजरी, तांदूळ यांच्यासाठी. दाणे टणक, एकसारखे, दाबले तरी न दबणारे. पायली शिगोशीग भरायची की काठाशी सपाट करायची एवढाच वाद उरायचा आणि तो व्यवहाराने मिटायचा. भाजी या मापांत कधीच बसवली गेली नाही. ती तागडीत गेली, किंवा नगावर, जुडीवर, वाट्यावर विकली गेली. शेर वजनाचाही होता आणि मापाचाही, तरी भाजीवाल्याचा शेर वजनाचाच असे. ऐंशी तोळ्यांचा तो शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धत आली आणि पुढच्या काही वर्षांत शेर जाऊन किलो आला, पण भाजी तागडीतच राहिली. पिढ्यान्‌पिढ्या बाजाराने जे ओळखलं होतं ते छापील पाककृतीने मात्र बाजूला ठेवलं आणि भाजीलाही धान्याची वाटी लावली. अमेरिकेत कपाची पद्धत पक्की होण्यात १८९६ साली आलेल्या फॅनी फार्मर यांच्या पाकपुस्तकाचा मोठा वाटा आहे. सपाट भरलेला कप, सपाट भरलेला चमचा, असा काटेकोरपणा त्यांनी रूढ केला. पिठासाखरेच्या बाबतीत ती निश्चितच सुधारणा होती. पण कोबीच्या कापांना सपाट काठ कसा आणायचा? आणि कपही सगळीकडे एक नाही. अमेरिकेतला २३७ मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियातला २५०, जपानमधला २००. मेलबर्नच्या मराठी घरातली पाककृती शिकागोच्या मराठी घरात पोचते तेव्हा 'कप' हा शब्द तोच राहतो, माप बदलतं. आपल्या वाटीला तर प्रमाण असं काही नाहीच. आमटीची वाटी, मुलांची वाटी, आहेरातली स्टीलची वाटी, शंभर मिलिलिटरपासून दोनशेपर्यंत काहीही असू शकते.

या मांडणीवरचा सगळ्यात मोठा आक्षेप अंदाजाचा. आपल्या घरांत कित्येक पिढ्यांनी काट्याशिवाय उत्तम स्वयंपाक केला, मग हा ग्रॅमचा सोस कशाला? अंदाज ही खरी विद्या आहे आणि तिचा मान राखूनच उत्तर द्यायला हवं. पण तो अंदाज नेमका कशाचा असतो ते पाहावं. रोज स्वयंपाक करणाऱ्या बाईला 'पाव किलो भेंडी चौघांना पुरते' हे ठाऊक असतं. तिचा अंदाज बाजारातल्या वजनापासून सुरू होतो आणि कढईतल्या भाजीवर संपतो. मधे वाटी येतच नाही. लग्नकार्याच्या आचाऱ्याची यादी पाहिली तरी हेच दिसतं: इतक्या पानांना बटाटे इतके किलो, वांगी इतके किलो. ज्याच्या हातून शेकडो पानं उठायची आहेत तो कुणी 'चारशे वाट्या चिरलेला बटाटा' लिहीत नाही. शिवाय अंदाज ज्याचा त्याच्यापाशी असतो. पाककृती लिहिली जाते ती अनोळखी माणसासाठी, ज्याची सुरी वेगळी, विळी वेगळी, वाटी वेगळी. त्याच्यापर्यंत अंदाज कागदावरून पोचत नाही, २५० ग्रॅम मात्र जसेच्या तसे पोचतात.

दुसरा आक्षेप असा की भाजीत थोडं कमीजास्त झालं म्हणून काय बिघडतं. फोडणीच्या कोबीत काहीच बिघडत नाही, हे मान्य. चवीप्रमाणे मीठ घातलं की झालं. पण भाजी जिथे दुसऱ्या घटकाशी प्रमाणात बांधलेली असते तिथे बिघडतं. कोथिंबीर वडी घेऊ. 'दोन वाट्या बारीक चिरलेली कोथिंबीर, एक वाटी बेसन' असं लिहिलेलं असतं. अमेरिकन कोष्टकात कोथिंबिरीच्या सुट्या पानांचा कप १६ ग्रॅमचा आहे. कोथिंबिरीच्याच कुळातल्या पार्सलीचा चिरलेला कप ६० ग्रॅमचा. बेसनाचा कप सुमारे ९२ ग्रॅम. आता हेच प्रमाण मांडलं तर एका घरी ९२ ग्रॅम बेसनात ३२ ग्रॅम पाला जाईल, दुसऱ्या घरी १२० ग्रॅम. पहिली वडी म्हणजे हिरवे ठिपके असलेला बेसनाचा ढोकळा, दुसरी पाल्याला जेमतेम धरून ठेवलेली, कापताना सुटणारी. कोथिंबिरीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं आणि मीठ लागलं की ते बाहेर येतं, त्यामुळे पाल्याचं वजन बदललं की पीठ किती सैल होणार तेही बदलतं. 'लागेल तसं पाणी घाला' ही ओळ पाककृतीत येते त्यामागचं एक कारण हेच: पाला किती गेला ते लिहिणाऱ्याला ठाऊक नसतं. मेथीचे ठेपले, पालकाच्या पुऱ्या, दुधीचे मुठिये, सगळीकडे हाच गुंता. आणि लोणच्यात तर त्याची किंमत मोजावी लागते. तिथे मीठ टिकवण्याचं काम करतं आणि ते फोडींच्या वजनाच्या प्रमाणात हवं असतं. मोठ्या फोडींच्या चार वाट्या आणि बारीक फोडींच्या चार वाट्या यांत कैरी वेगवेगळी असते. बारीक मिठाचा कप २९२ ग्रॅमचा, जाडं मीठ त्याच कपात कमी मावतं. दोन्हीकडची चूक एकाच दिशेला गेली तर बरणीला बुरशी धरते.

तिसरी शंका जास्त बारकाईची आहे आणि मला ती महत्त्वाची वाटते. वजन तरी कुठे स्थिर असतं? जून काकडी आणि कोवळी काकडी यांत बियांचा फरक, पावसातल्या मेथीच्या जुडीत पाण्याचा आणि मातीचा, चार दिवस शिळ्या गाजरात सुकण्याचा. हे खरं आहे, पण हा दोष मापातही तेवढाच असतो. वाटीने तो जात नाही, त्यावर हवेचा दोष चढतो. वजनाची खरी अडचण वेगळी आहे: कुठल्या अवस्थेतलं वजन? 'अर्धा किलो मटार, सोलून' आणि 'अर्धा किलो सोललेला मटार' या दोन ओळींत शब्द जवळपास तेच आहेत, पण शेंगांतून दाणे जेमतेम चाळीस टक्के निघतात. पहिल्या ओळीने दोनशे ग्रॅमच्या आत दाणे मिळतील, दुसरीसाठी सव्वा किलोहून जास्त शेंगा आणाव्या लागतील. फ्लॉवरचे दांडे आणि पाला, मेथीची देठं, केळफुलाची वरची पाती, सुरणाची साल, हे सगळं बाजारात वजन करून आपण पैसे देऊन आणतो आणि नंतर टाकतो. म्हणून वजन लिहायचं ते निवडून, सोलून झालेल्या भाजीचं, आणि शक्य तर बाजारातून किती आणावी तेही. दुधीच्या किसाबाबत तर पिळण्याआधीचं की पिळल्यानंतरचं हेही सांगायला हवं.

आहारशास्त्राने ही निवड कधीच केली आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय अन्नघटकांच्या कोष्टकांत प्रत्येक भाजीतलं लोह, कॅल्शियम, पोटॅशियम हे खाण्याजोग्या शंभर ग्रॅम भागामागे दिलेलं आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या खा म्हणते, आणि त्यात बटाट्यासारखे कंद धरत नाही. मूत्रपिंडाच्या रुग्णाला पोटॅशियम मोजून खायचं असेल तर 'वाटीभर पालक' हा सल्ला धोक्याचा, कारण ती वाटी कच्च्या पानांची आहे की शिजलेल्या, यावर सहापटीचा फरक अवलंबून आहे. अमेरिकेतल्या आहारविषयक सूचना कपाला धरून आहेत, पण त्यांनाही कच्च्या पालेभाजीचे दोन कप हे भाजीचा एक कप मानावेत असं वेगळं सांगावं लागलं आहे. मापाच्या पद्धतीला असा अपवाद करून ठेवावा लागतो, यातच तिची मर्यादा दिसते.

राहिला काट्याचा प्रश्न. प्रत्येक घरी काटा नसतो, आणि असलाच तरी रोज कोण काढणार? त्यावरचा तोडगा असा की काटा रोज लागत नाही. घरातली एक वाटी ठरवावी, ती मापाच्या भांड्याने पाणी भरून किती मिलिलिटरची आहे ते पाहावं, मग आपल्या नेहमीच्या पद्धतीने चिरलेली भाजी आपल्या नेहमीच्या हाताने भरून एकदाच तोलावी. काटा शेजाऱ्याकडचा असला तरी चालतो. वाणसामानाच्या दुकानातही तोलून मिळेल. वर दिलेले कपाचे आकडे दीडशे मिलिलिटरच्या वाटीला लावले तर बारीक चिरलेला कांदा शंभर ग्रॅमच्या आसपास, उभा चिरलेला सत्तरच्या थोडा वर, मटार नव्वद, बटाट्याच्या फोडी पंचाण्णव, वांग्याच्या फोडी पन्नास, लांब चिरलेला कोबी पंचेचाळीस आणि पालकाची पानं वीसच्या आत येतात. तुमच्या घरचे आकडे यापेक्षा वेगळे आले तर तुमचेच वापरावेत. पाककृती लिहिणाऱ्याने मात्र दोन्ही द्यावं: 'कोबी, देठ काढून २५० ग्रॅम, लांब बारीक चिरून, न दाबता, दीडशे मिलिलिटरच्या साडेपाच वाट्या.' ही ओळ लांब आहे खरी, पण ती वाचून कुठल्याही गावात, कुठल्याही सुरीने तेवढाच कोबी कढईत पडेल.

काही जिन्नस मात्र काट्यावर ठेवू नयेत. घरगुती काटे बहुधा एक ग्रॅमच्या फरकानेच आकडा दाखवतात, त्यामुळे आल्याचा कीस, लसणाचं वाटण, चार कढीपत्त्याची पानं यांना चमचा आणि नगच बरा. हिरव्या मिरचीचं तर वजन करूनही काही कळत नाही. लवंगी मिरची दहा ग्रॅम आणि भाजीची फिकट जाड मिरची दहा ग्रॅम, काट्यावर दोन्ही सारख्या. पण तिखटपणा त्यांच्या जातीत आणि त्या कशा वाढल्या त्यात असतो. तिथे पाककृतीने मिरचीचं नाव लिहावं, आणि करणाऱ्याने तिचा एवढासा तुकडा जिभेवर ठेवून पाहावा.